महाभारत माहीत असतं, वाचलेलं नसतं

महाभारत वाचायला घेतलं की आमच्या खान्देशात घरातलं मोठं माणूस आधी हटकतं. "घरमा नको वाचू रे भो, भांडणं लागतस." श्रावणात शिवलीलामृत चालतं, हरिविजय चालतो, रामायण तर कधीही चालतं. महाभारत मात्र सप्ताहाच्या मांडवात नाहीतर कीर्तनकाराच्या तोंडून ऐकायचं. गंमत म्हणजे प्रचलित प्रतींच्या शेवटी खुद्द ग्रंथच म्हणतो की ज्याच्या घरी भारत, त्याच्या हाती जय. भांडणाची भीती आपण आपल्या पदरची घातली आहे.

तरीही महाभारत माहीत नाही असा माणूस सापडत नाही. कुणी श्रीधराचा पांडवप्रताप ऐकलेला असतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीची ही ६४ अध्यायांची ओवीबद्ध पोथी म्हणजे मराठी खेड्यांचं महाभारत. कुणी वहीगायनातून, म्हणजे खान्देशी लोकगायनातून, ऐकलेलं असतं, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांनी १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसून पाहिलेलं असतं. त्यामुळे मूळ संस्कृत ग्रंथाचं भाषांतर हातात आलं की माणूस माहितीच्या गावाला निघाल्यासारखा निवांत असतो. आणि पहिल्याच खंडात वाट चुकतो.

कारण पहिले पन्नासएक अध्याय कौरव-पांडवांची गोष्ट सुरूच होत नाही. सुरुवातीला एक लांबलचक अनुक्रमणिका येते, आणि तिच्यातच धृतराष्ट्र एकामागून एक प्रसंग आठवत रडतो: हे ऐकलं तेव्हाच जयाची आशा सोडली, ते ऐकलं तेव्हाही सोडली. म्हणजे पहिल्याच अध्यायात शेवट सांगून मोकळे! पुढे काय होणार ही उत्सुकता या ग्रंथाला नकोच आहे. ऐकणाऱ्याला सगळं ठाऊक आहे असं धरूनच तो चालतो.

मग एक कुत्रं येतं. जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर यज्ञ करतोय, तिथे सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू भटकत येतं, आणि राजाचे तीन भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही आगळीक केली असशील? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे बघितलंही नाही, चाटलं तर मुळीच नाही. सरमा तडक यज्ञमंडपात येऊन जाब विचारते. कुणीच उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते: निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. अठरा पर्वांच्या ग्रंथातल्या अगदी पहिल्या गोष्टींपैकी ही एक. शेवटच्या टोकाला, कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जायला नकार देणारा युधिष्ठिर आहे. हा मेळ कुणी जाणूनबुजून घातला की आपसूक जमला, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. मला तो जाणूनबुजून घातलेला वाटतो.

कोण कुणाला सांगतंय

नव्या वाचकाची खरी गल्लत इथे होते, म्हणून हे जरा सावकाश बघू. जळगाव-रावेरकडच्या माणसाला केळीचा खांब सोलणं माहीत आहे. एक पदर काढला की आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. महाभारताची मांडणी तशी आहे. सगळ्यात बाहेरच्या पदरावर नैमिषारण्य. तिथे शौनक ऋषींचं बारा वर्षांचं सत्र, म्हणजे लांब चालणारा यज्ञ, चाललाय आणि सौती नावाचा कथेकरी येऊन बसतो. तो म्हणतो, मी हे जनमेजयाच्या सर्पसत्रात ऐकलं. त्या सत्रात सांगणारा वैशंपायन, म्हणजे व्यासांचा शिष्य. व्यास स्वतः तिथे बसलेले. त्याच्या आतला पदर युद्धाचा. तो वैशंपायन थेट सांगत नाही. संजय आंधळ्या धृतराष्ट्राला युद्ध सांगतो, आणि संजयाने ते कसं सांगितलं हे वैशंपायन जनमेजयाला सांगतो.

हे लक्षात घेतलं की दोन गोष्टी उलगडतात.

एक, ऐकणारा कोण आहे ते. अर्जुनाचा मुलगा अभिमन्यू, त्याचा परीक्षित, त्याचा जनमेजय. परीक्षित तक्षक नागाच्या दंशाने गेला, म्हणून पोरगा जगातले सगळे साप जाळायला निघालाय. बापाचा सूड घेणारा माणूस यज्ञकर्माच्या अधल्यामधल्या वेळात आपल्या पणजोबांच्या सूडाची गोष्ट ऐकतोय. आस्तिक नावाचा कोवळा ऋषिपुत्र येऊन ते सत्र थांबवतो. पुढचं सगळं महाभारत या धगीजवळ बसून सांगितलेलं आहे, हे विसरून वाचलं तर ते नुसतं लढाईचं पुस्तक वाटतं.

दुसरी गोष्ट गीतेची. आपल्या डोक्यातलं चित्र ठरलेलं असतं: दोन्ही सैन्यं समोरासमोर, मधे रथ, गीता सुरू. ग्रंथात भीष्मपर्वात संजय धावत हस्तिनापुरात येतो आणि पहिलंच वाक्य टाकतो की भीष्म पडले. म्हणजे युद्धाचे दहा दिवस उलटून गेलेत. धृतराष्ट्र कोसळतो, सावरतो, विचारतो की हे झालं कसं. तेव्हा संजय मागे जाऊन पहिल्या दिवसापासून सांगायला लागतो, आणि त्या सांगण्यात गीता येते. भीष्मांवर बाण सोडू की नको म्हणून अर्जुन तिथे गळून गेलाय, आणि ऐकणाऱ्या धृतराष्ट्राला कळून चुकलंय की बाण सुटले. द्रोण, कर्ण, शल्य यांची पर्वंही अशीच उघडतात: आधी सेनापती पडल्याची बातमी, मग ती घडली कशी त्याचं वर्णन.

नावांचाही घोळ होतो. अर्जुन एकाच पानावर पार्थ, फाल्गुन, सव्यसाची, धनंजय, किरीटी आणि बीभत्सू असू शकतो. कृष्ण निदान तीन आहेत: देवकीचा, स्वतः कृष्णद्वैपायन व्यास, आणि कृष्णा म्हणजे द्रौपदी. 'हे भारत' अशी हाक आली तर ती धृतराष्ट्राला, युधिष्ठिराला, अर्जुनाला किंवा बाहेरच्या पदरातल्या जनमेजयाला असू शकते. कोण बोलतंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. वहीच्या पहिल्या पानावर वंशवेल काढून ठेवा, एवढाच त्यावर इलाज.

मंग गणपती कोठे गया?

मी वाचत होतो ती प्रत भांडारकर संस्थेच्या चिकित्सित, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या, आवृत्तीवरून केलेली होती. गल्लीतले एक आबा ओट्यावर येऊन बसत आणि काल कुठपर्यंत आलास ते विचारत. व्यास सांगतात आणि गणपती लिहितो, हा प्रसंग यात नाही असं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "मंग आपला गणपती कोठे गया?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कळलं की अर्धं महाभारत कळतं.

छापखाना येण्याआधी पुस्तक म्हणजे कुणीतरी हाताने उतरवून काढलेली प्रत. हे काम काय असतं ते बघायला लांब जायला नको. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हातचं वाल्मीकिरामायण जपलेलं आहे. एवढा मोठा ग्रंथ एकटाक लिहून काढायचा. आता असं शेकडो माणसांनी, शेकडो वर्षं, काश्मीरपासून केरळपर्यंत महाभारताचं केलं आहे असं समजा. कुणाची ओळ गळली. कुणी समासात लिहिलेला खुलासा पुढच्याने श्लोक समजून आत घेतला. कुणाच्या मुलखात एखादी गोष्ट गाजलेली, ती त्याने योग्य जागा बघून बसवली. फसवायचा हेतू नव्हता. आपल्या गावचा ग्रंथ पुरा असावा असं प्रत्येकाला वाटत होतं.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली हा गुंता सोडवायला घेतला आणि १९६६ मध्ये काम पुरं केलं. १,२५९ हस्तलिखितं वापरली. विष्णु सीताराम सुखटणकर १९२५ पासून मुख्य संपादक होते. ते १९४३ मध्ये गेले, पुढे बेलवलकर आणि वैद्य यांनी धुरा घेतली. शारदा, बंगाली, मैथिली, नेपाळी, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या प्रती शेजारी शेजारी ठेवून श्लोकागणिक पडताळणी. तत्त्व सांगायला सोपं आहे: जे उत्तरेतही आहे आणि दक्षिणेतही आहे ते जुनं; जे एकाच मुलखात सापडतं ते बहुधा नंतरचं. काश्मीर आणि केरळ ही तर दोन टोकं. तिथल्या लेखनिकांनी एकमेकांचं बघून लिहिण्याचा संभव फार कमी, आणि तरी त्यांच्या प्रती कित्येक ठिकाणी जुळतात. हे सुखटणकरांच्या ध्यानात आलं, आणि सगळ्या कामाला त्याचा मोठा आधार मिळाला.

परंपरेने एक लाख म्हटलेले श्लोक या आवृत्तीत पाऊण लाखाच्या आसपास आले. उरलेले फेकले का? नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जसेच्या तसे आहेत. आबांना मी तेच सांगितलं, की गणपती परिशिष्टात बसलाय. त्यांना ते पटलं असं काही दिसलं नाही.

वाचकाने एवढंच करायचं की हातातलं भाषांतर कुठल्या पाठावरून केलंय ते बघायचं. मराठीत संपूर्ण महाभारत शंभर वर्षांहून आधीच आलं. जुनी भाषांतरं साहजिकच प्रचलित प्रतीवरची आहेत. त्या प्रतीला सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धराच्या टीकेने मोठा मान मिळवून दिला. हा नीलकंठ काशीत राहिला खरा, पण मूळचा कोपरगावचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. त्या प्रतीत गणपती आहे. दोन वाचक वाद घालतात आणि दोघंही आपापल्या प्रतीपुरते बरोबर असतात, असं होतं ते यामुळे.

ऐकलेलं निघतं, न ऐकलेलं सापडतं

मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला आणि द्रौपदी म्हणाली, आंधळ्याचा पोर आंधळा. हे वाक्य पोरासोरांना पाठ आहे. कित्येक बाया तर "तिने तेवढं बोलायला नको होतं" म्हणून सगळ्या युद्धाचं खापर तिच्या माथी फोडतात. चिकित्सित आवृत्तीत द्रौपदीच्या तोंडी असं काहीच नाही. पडला तेव्हा भीम, अर्जुन आणि जुळे हसतात. द्रौपदीही बायकांबरोबर हसली, असं पुढे दुर्योधन बापाला सांगतो, तेही आगीत तेल ओतायला. स्वयंवरात "सूताला वरणार नाही" म्हणून ती कर्णाला हाकलते, तेही या आवृत्तीत नाही. म्हणजे बाईच्या जिभेवर ठेवलेले दोन मोठे ठपके मागाहून चिकटलेले निघतात. यावर मी जास्त बोलत नाही, ज्याचं त्याने समजून घ्यावं.

उलट सभापर्वात जे आहे ते फारसं कुणी सांगत नाही. द्रौपदी सभेत येण्याआधी निरोप्याला परत पाठवते, विचार म्हणते त्या जुगाऱ्याला: आधी स्वतःला हरलास की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला बायको पणाला लावायचा हक्क राहतो का, हा मुद्दा. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला ठरवता येत नाही. उत्तर देतो तो कौरवांतलाच विकर्ण. वस्त्र वाढत जातं, पण कृष्णाचा धावा या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. तो खाली टीपेत आहे. आणि द्यूत दोनदा होतं. पहिल्या खेळात हरलेलं सगळं धृतराष्ट्र द्रौपदीला वर देऊन सोडून देतो, पांडव घरच्या वाटेला लागतात, आणि पुन्हा बोलावणं आल्यावर युधिष्ठिर पुन्हा जाऊन बसतो. वनवास मिळतो तो या दुसऱ्या खेळात. बारा वर्षांच्या वनवासाला दोष कुणाचा, हे मग वेगळं दिसायला लागतं.

अभिमन्यू पोटात असताना चक्रव्यूह शिकला हेही नाही. तो साधं सांगतो, बाबांनी आत शिरायचं शिकवलं, बाहेर पडायचं मला येत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. एरंडोल म्हणजे एकचक्रानगरी, आणि पद्मालयाजवळच्या भीमकुंडापाशी भीमाने बकासुर मारला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. एकचक्रा आपलीच म्हणणारी गावं बंगालात आहेत, बिहारात आहेत. त्यांच्याशी भांडत बसण्यात अर्थ नाही. मला त्या प्रसंगातलं एक पोर महत्त्वाचं वाटतं. बकासुराकडे माणूस पाठवायची पाळी ब्राह्मणाच्या घरावर आलीय. नवरा म्हणतो मी जातो, बायको म्हणते मी, लेक म्हणते मी. तिघं गळ्यात गळा घालून रडतायत. तेवढ्यात नीट बोलताही न येणारा धाकटा मुलगा गवताची काडी हातात घेतो आणि म्हणतो, रडू नका, या काडीने मी त्या राक्षसाला मारतो. अशा वेळीही घरातल्यांना हसू फुटतं. कुंती आत जाते ती नेमकी त्या क्षणाला. भीमाची मारामारी सगळे सांगतात, ही काडी मी तरी कुठल्या कीर्तनात ऐकली नव्हती.

गवताची काडी पुढे आणखी एकदा येते, अश्वत्थाम्याच्या हातात. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यात अस्तंभ्याचा डोंगर आहे. धनत्रयोदशीला तळोद्याकडून पोरं सातपुड्यात चढायला लागतात ती त्याच्या यात्रेला. अश्वत्थामा अजून तिथे हिंडतो, कपाळाच्या जखमेला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. ग्रंथात काय आहे? रात्री वडाखाली झोप न येणारा अश्वत्थामा बघतो की एक घुबड झोपलेल्या कावळ्यांना मारतंय. तिथून त्याला कल्पना सुचते. तो शिबिरात शिरून झोपलेल्यांची कत्तल करतो. द्रौपदीचे पाचही मुलगे जातात. पांडव गाठतात तेव्हा तो काडीवर अस्त्र मंत्रून सोडतो आणि ते अभिमन्यूची बायको उत्तरा हिच्या गर्भावर वळवतो. कृष्ण शाप देतो: तीन हजार वर्षं एकटा हिंडशील, अंगाला पू-रक्ताची घाण येईल, बोलायला कुणी मिळणार नाही.

तेल नाही. आणि नीट बघितलं तर जखमही नाही. डोक्यावरचा जन्मजात मणी तो स्वतः काढून देतो आणि खिन्न होऊन रानात निघून जातो. अर्जुन तलवारीने केसांसकट मणी कापून घेतो, हे भागवतात आहे. म्हणजे भागवताने मणी कापला, लोकांनी तिथे जखम पाहिली, जखमेला तेल लागणार हे सातपुड्यातल्या माणसाला कळलं, आणि तीन हजार वर्षांची मुदत कुणीच मोजली नाही. लेखनिक समासात भर घालत होते, यात्रेकरू डोंगरावर घालतात, काम एकच. कृष्णाने तो गर्भ पुढे वाचवला. तोच परीक्षित, सर्पसत्रात बसून ही हकीकत ऐकणाऱ्या जनमेजयाचा बाप.

एकलव्य तर आपल्याकडच्या भिल्लवस्त्यांत घरचा माणूस. ग्रंथात त्याची गोष्ट तीस-चाळीस श्लोकांत आटपते, पण ती झाकलेली नाही. अंगठा गेल्यावर अर्जुनाचा ताप उतरला, असं तिथे रोखठोक लिहिलंय. आणि पुढे द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की तुझ्या भल्यासाठी मीच त्याला मारला. ही ओळ पहिल्यांदा वाचणाऱ्याने तिथे थोडं थांबावं.

मग सुरुवात कुठून करायची? आदिपर्वाच्या पहिल्या पानापासून, असं मी कुणालाच सांगत नाही. सभापर्व घ्या; छोटं आहे आणि धरून ठेवतं. मग विराटपर्व, मग उद्योगपर्व: कृष्णशिष्टाई, कुंती-कर्ण भेट, युद्ध टाळायचे एकेक प्रयत्न कसे फसतात ते. सौप्तिक आणि स्त्री ही दोन लहान पर्वं एका बैठकीत होतात. वनपर्वात नल-दमयंती, सावित्री, यक्षप्रश्न सुटे वाचले तरी चालतात. तिथे सबंध रामकथाही आहे. शांतिपर्व सगळ्यात मोठं, भीष्मांचा उपदेश संपता संपत नाही; ते पुढच्या वर्षावर ढकला. क्रम मोडला म्हणून कुणी रागवणार नाही. नैमिषारण्यात सौती सुरुवात करतो तेव्हा शौनकच त्याला अडवतो आणि म्हणतो, बाकीचं राहू दे, आधी आमच्या भृगुकुळाचं सांग. सौती मुकाट्याने तिथून सुरू करतो.